मोठ्या आत्याचा कौल

स्वयंपाकघरातली भिंत गार लागली, तेव्हा काडीनं आधी स्वतःच्या हातांनाच दोष दिला. बाहेरून बर्फ घेऊन आलेली बोटं, त्यांना काय कळणार. तिनं हात काखेत दाबून गरम केले आणि पुन्हा भिंतीला लावले. छे. चूल विझल्यावर तव्यात उरते तेवढीच ऊब. या भिंतीला पाठ टेकून घरातल्या चार पिढ्या वाढल्या होत्या. हिच्यावर ओले मोजे टाकले की आईचं बोलणं संपायच्या आत वाळायचे, आणि आईचं बोलणं तसं लवकर संपत नसे, पण ते राहू द्या.

भिंतीपलीकडे मोठी आत्या राहायची. मोठी आत्या म्हणजे ड्रॅगन. आजोबांच्या आजोबांनी तिला अंड्यातून बाहेर पडताना पाहिलं आणि बहीण मानलं. त्यांच्या मुलांची ती आत्या, आणि तेव्हापासून पिढी कुठलीही असो, नातं तेच. खिंडीतल्या रस्त्यावरचा बर्फ वितळवून वाट मोकळी ठेवायची, हा घराचा धंदा. त्यात फुंकर तिची आणि फावडी घरच्यांची. घरात कुणाचं कुणाशी वाजलं आणि मिटेना झालं, की निवाडाही तिचाच. भांडणारे दोघे तिच्या खोलीच्या दोन कोपऱ्यांत उभे राहायचे. आत्या उठून ज्याच्या शेजारी जाऊन बसेल, त्याचं खरं. हा कौल एकदा मिळाला की वाद संपला. पणजोबांचं लग्नसुद्धा असंच ठरलं होतं म्हणतात.

आणि यंदा कौल लागायचा होता. काडीचा काका म्हणत होता, पुरे झालं हे डोंगरावरचं जिणं, बिऱ्हाड खालच्या खोऱ्यात हलवू. बाबा म्हणत होते, बापजाद्यांची खिंड सोडून मी कुठंही जाणार नाही. दोघा भावांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य वर्षभर चाललं होतं. बर्फ सरला की कोपरे धरायचे, असं शेवटी ठरलं. आजोबा उघड उघड बाबांकडून होते. आई म्हणायची, मी आपली ह्यांच्या बाजूनं. काडीला कुणी विचारलंच नव्हतं. सतरा वर्षांची, अंगानं काडी म्हणून नावानंही काडी, तिला काय विचारायचं.

ती धावत पलीकडच्या खोलीत गेली. आत्या पडून होती. एरवी काडीच्या पावलांनी तिचे कान उभे राहायचे. आज तिनं नुसता एक डोळा उघडला आणि मिटला. काडीनं तिच्या गळ्याला तळवा लावला. खवले खरखरीत लागले, दगडासारखे.

काडीची पाचावर धारण बसली. ड्रॅगनच्या पोटातला जाळ साध्या आगीनं लागत नाही. तो सूर्याचा असतो. हिवाळाभर खिंडीवर ढग बसून राहतात, म्हणून आत्याला अधूनमधून ढगांच्या वर जाऊन ऊन पिऊन यावं लागतं. नाही गेली की जाळ मंदावतो, मंदावत विझतो, आणि विझला की ड्रॅगनचा दगड होतो. दारासमोरचा तो मोठा लांबट खडक म्हणजे आत्याची आई. त्यावर कुणी कधी बसत नसे, आणि पोरांनी चुकून पाय ठेवला तर फटका मिळायचा.

काडीनं हाक मारली तशी सगळी जमा झाली. आजोबांनी आत्याच्या गळ्यावर कान ठेवला. बराच वेळ ऐकलं. ते आत्याशी अगं-तुगंनं बोलायचे, लहानपणी तिच्याच पाठीवर वाढलेले.

"आज वर गेली नाही, तर उद्या जायची नाही," आजोबा म्हणाले. "आणि ही गेली की आपलंही काही खरं नाही."

ते सांगायची गरज नव्हती. मोठा हिमकडा कोसळून दोन्हीकडचा रस्ता बंद झाला होता. घरात लाकडं नावापुरती. ज्या घराला आत्या आहे त्या घरानं लाकडं कशाला साठवायची? पण काडीच्या डोक्यात तेव्हा लाकडं नव्हती, थंडी नव्हती. दारासमोर एकाशेजारी एक असे दोन खडक तिला दिसत होते, आणि ते तिला बघवत नव्हते.

मग आत्याला उठवायचा खटाटोप सुरू झाला. बाबांनी पुढून हाका मारल्या, काकानं मागून खांदा लावला. आत्या बिचारी उठली. पंख पसरले. फडफडवले. खोलीतली धूळ उडाली, कोपऱ्यातलं गवत उडालं, काकाची टोपी उडाली. आत्या तेवढी जागेवर राहिली. तिचं पोट जमिनीला टेकलेलं होतं. आता नीट पाहिल्यावर सगळ्यांनाच ते दिसलं, आणि सगळ्यांनीच एकदम दुसरीकडे पाहिलं.

बाबांनी विचारलं, शेवटची कधी उडाली ही? पानगळीच्या सुमाराला, काडी म्हणाली. त्यानंतर एकदा वारा होता, एकदा तिचा पंख अवघडला होता, एकदा आजोबा म्हणाले, राहू दे, म्हातारं माणूस आहे. कारणं निघत गेली आणि हिवाळा पुढं सरकला.

"ही इतकी जाड झालीच कशी?" बाबा म्हणाले. "दिवसाला एक पळी राळ. पळी उलटी टांगली की वाढून झालं. हा नियम माझ्या आजोबांपासून आहे."

इथेच तर घोडं पेंड खात होतं. राळ म्हणजे झाडाचा चिकट डिंक, वाळवून खडे केलेला. आत्याचा जीव की प्राण. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते एकाच्या नव्हे, सगळ्यांच्या मनात लख्ख पडलेलं होतं.

पहिल्यांदा काका बोलला. म्हणाला, मी द्यायचो अधूनमधून. कौलाच्या वेळी ओळख ठेवावी तिनं, म्हणून. बाबा उसळले, ही लाच झाली. काका म्हणाला, झाली. मग तुझ्या हत्यारांच्या पेटीत करवतीखाली राळेची पिशवी कशाला आहे, दादा? बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आजोबांना हसू आवरेना, तेव्हा बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि आजोबांचं हसू आपोआप आवरलं. म्हातारा रोज पहाटे सगळ्यांच्या आधी उठून काठी टेकत कशासाठी बाहेर जात होता, हे मग सगळ्यांना कळलं. बाबांची बाजू पक्की करायची होती त्यांना. बाबा ती आधीच पक्की करत होते, हे त्यांना काय ठाऊक. वर्षभर घरात अळीमिळी गुपचिळी, आणि जो तो चोरावर मोर.

"मीपण," आई हळूच म्हणाली.

बाबांना वाटलं, आपल्यासाठीच. ते म्हणाले, असू दे, तुझा हेतू चांगला होता. आईनं मान हलवली.

"तुमच्यासाठी नाही. भाऊजींसाठी." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बोलत तुमच्या बाजूनं होते. मनानं त्यांच्या बाजूची होते. पोरीनं जन्मभर काय बर्फच बघायचा?"

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खाली बसले. वीस वर्षांच्या संसारात आपल्या मागं आपलीच बायको उभी आहे हे त्यांनी कधी वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं, इतकं गृहीत धरलं होतं. आईलाही ते दिसलं. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली, पण हातभर अंतर ठेवून.

सगळ्यांनी सांगितलं आणि आपण मूग गिळून बसायचं, हे काडीला जमेना. तिनं सांगितलं, की सगळ्यांत जास्त मीच दिली. पळी सरळ टांगलेली दिसली की वाढायचं काम तिचं, आणि चोरून देणारे काय पळी उलटी करणार? ती आपली भरपूर वाढायची. मुद्दाम वाढायची.

"आत्यानं कुणाच्याच बाजूला जाऊ नये म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही दोघं असे कोपऱ्यांत उभे राहणार, हे मला नको होतं. पोट भरलं की ती उठणार नाही, वाटलं. जागेवरून हलूच नये वाटलं." आणि ती रडायलाच लागली. मागितलं होतं तेच मिळालं होतं, आत्या जागेवरून हलत नव्हती.

काकानं तिला जवळ ओढलं. म्हणाला, रड नंतर, भरपूर वेळ आहे. आधी हिला वर कसं न्यायचं ते सांगा कुणीतरी.

मार्ग सुचला तो आईला, आणि सुचला चुलीवरून. चुलीत जाळ मोठा झाला की राखेचा कण कसा वर जातो, ती म्हणाली. घरामागच्या कड्याच्या टोकाला आत्याबाईंना उभं करायचं. टोकाखाली जो खोलगट कप्पा आहे, तिथं जाळ पेटवायचा, असा मोठा की गरम हवेचा झोत वर यावा. त्या झोतात पंख उघडले तर उचलल्या जातील. जाळायला काय आहे, बाबांनी विचारलं. आई म्हणाली, राळ.

मग जो तो आपापल्या खजिन्याकडे गेला. बाबांची पिशवी करवतीखालून आली. काकाची सामान बांधून ठेवलेल्या ट्रंकेतून. आजोबांनी जुन्या बुटांत ठेवली होती, आईनं पिठाच्या डब्यात, आणि काडीनं रजईच्या खोळीत. सगळी ओतली तेव्हा ढीग कमरेएवढा झाला. आजोबा म्हणाले, एवढ्यात तर डोंगर उडेल. आत्यानं ढिगाकडे पाहून एकदा जीभ बाहेर काढली, आणि काडीला तेवढ्यातही धीर आला.

पण जाळ एकदाच पेटणार होता. आणि आत्याची नजर अधू झालेली, ढगात शिरल्यावर वर कुठं नि खाली कुठं हे तिला कळायचं नाही. पाठीवर कुणीतरी हवं. बाबा म्हणाले, मी. काका म्हणाला, तुझ्या वजनानं ती कड्यावरून सरळ खाली जाईल. काडी म्हणाली, मग मी. त्यावर बाबा आणि काका एका सुरात नाही म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं, आणि तेही तिच्याविरुद्ध.

निकाल आईनं दिला. तिनं स्वतःची लोकरीची शाल काढून काडीच्या छातीवरून आडवी बांधली, गाठ मारली, पुन्हा सोडून घट्ट मारली. म्हणाली, हिच्याएवढं हलकं घरात कुणी नाही, आणि आत्याबाई ऐकतात हिचंच. मग काडीला म्हणाली, "परत ये. ढग बघत बसू नकोस." आणि तोंड फिरवून ती पिशव्या उचलायला लागली.

निघताना आजोबांनी काडीला जुना करार सांगितला. आत्याची ऊब आपल्याला लागते, तशी आपली ऊबही तिला देता येते. खवल्यांखाली तळवे सारायचे आणि द्यायची. आजवर कुणावर ती वेळ आलेली नाही. "पण देताना झोप येते म्हणतात," ते म्हणाले. "झोपायचं नाही. बडबड करत राहायचं. ते तुला जमेल."

राळ भसकन पेटली. काळा धूर, मग पिवळा जाळ, मग कानात घुमणारी गरम हवा. आत्या टोकावर उभी राहिली आणि मागं सरली. भ्यायली होती. काडीला इतके दिवस वाटायचं, आत्याला भीती माहीतच नाही. तिनं मानेवर गाल टेकला आणि सांगितलं, मलापण वाटतेय. मग बाबा, काका, आई, आजोबा, चौघांनी आत्याच्या पाठीला हात लावले. ढकललं असं कुणी म्हणणार नाही, पण लावले. आत्यानं पंख उघडले आणि पाय सोडले.

आधी त्या दोघी पडल्या. काडीला कडा वर जाताना दिसला. मग खालून कुणीतरी चादर झटकावी तसा झोत लागला, पंख फुगले आणि त्या उचलल्या गेल्या. खालून काकाचा आवाज आला, काय म्हणाला ते कळलं नाही.

ढगात सगळं पांढरं होतं. जिकडे जास्त उजेड तिकडे काडी आत्याची मान वळवायची, ती तिकडे जायची. पण प्रत्येक फडफडीगणिक पंख जड होत होते. खवले बोटांना खरखरले, मग टोचले, मग नुसता दगड लागला. काडीनं हातमोजे दातांनी ओढून टाकले आणि तळवे खवल्यांखाली सारले.

ऊब निघाली. मनगटातून, कोपरातून, खांद्यातून, विहिरीतून पाणी उपसावं तशी. आणि झोप आली, मऊ, गोड, शहाणी झोप. काडीनं बडबड सुरू केली. आत्या, ऐक, बाबांनी वर्षभर काकाशी बोलायचं नाही म्हणून निरोप माझ्याकडून पाठवले, समोरासमोर बसून. मीठ दे हे सांगायलासुद्धा मी. आजोबा घोरतात आणि म्हणतात, आत्या घोरते. आई चिडली की भांड्यांना बोलते. मला यांतलं एकही माणूस कमी नकोय. तूपण कमी नको. मला तू दारात दगड होऊन नकोयस, तुला रोज पुसायचं आणि तुझ्यावर बसायचं नाही, हे माझ्यानं होणार नाही. ऐकतेयस का? ओठ हलेनात तेव्हा ती मनात बोलत राहिली.

मग डोळ्यांवर पिवळं काहीतरी पडलं.

वर ऊन होतं. खाली ढगांचं सपाट पांढरं पठार आणि वर नुसतं ऊन. आत्यानं तोंड उघडलं आणि ते घटाघटा प्यायली, जन्माची तहानलेली असल्यासारखी. काडीच्या तळव्यांखाली दगड मऊ झाला, कोमट झाला, गरम झाला. गळा लाल दिसू लागला. काडी रडत होती आणि हसत होती. आत्यानं मान मागं वळवून तिच्यावर हलकीशी फुंकर घातली. लहानपणी न्हाल्यावर केस वाळवायला घालायची, तशीच.

त्याच वेळी काडीला ते दिसलं. दूर दक्षिणेला ढगांचं पठार संपत होतं. तिथं खालचं खोरं होतं, आणि खोऱ्यात, जमिनीवर, थेट शेतांवर आणि घरांच्या छपरांवर ऊन पडलेलं होतं. तिथं ऊन प्यायला कुणाला कड्यावरून उडी घ्यावी लागत नव्हती. दारात बसलं की झालं. काडी बघत राहिली. बाबांना हे सांगावं लागणार, हे तिला कळलं, आणि खाली उतरताना तिला चढतानापेक्षा जास्त भीती वाटली.

आई कड्याच्या टोकावरून हललेलीच नव्हती. बाबा आणि काका एकाच घोंगडीत उभे होते, कारण दुसरी जाळ वाढवायला टाकली होती. आत्या उतरली ती आपटलीच, पण तिच्याभोवतीचा बर्फ सुरसुरत वितळला, तेव्हा आजोबांनी तिच्या नाकावर हात ठेवून तोंडातल्या तोंडात तिला शिव्या दिल्या. आईनं काडीचे निळे तळवे आपल्या गळ्याशी दाबून धरले.

मग काडीनं सांगितलं. "बाबा, तिला आता परत उडी जमणार नाही. राळ संपली आणि तीपण थकलीय. खाली खोऱ्यात जमिनीवर ऊन आहे. मी बघितलं."

बाबांनी खिंडीकडे पाहिलं, घराकडे पाहिलं. काका गप्प होता. जिंकत असताना गप्प बसणं त्याला आयुष्यात पहिल्यांदा जमलं. शेवटी बाबांनी भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं आणि काकाच्या हातात दिलं, मग दुसरं स्वतः घेतलं. म्हणाले, आज दम खाऊ दे तिला, उद्या उजाडताच निघू. आईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि या वेळी हातभर अंतर नव्हतं.

सकाळी सामान बांधून सगळी बाहेर आली. आत्या पुढं चालत, फुंकर घालत, कोसळलेल्या बर्फातून वाट काढू लागली. वळणापर्यंत गेल्यावर काडीच्या लक्षात आलं, आजोबा नाहीत.

ते उंबऱ्यावर बसले होते. म्हणाले, तुम्ही जा. मी इथला. माझे सगळे इथंच दगड-माती झाले, मलाही इथंच होऊ दे. बाबांनी समजावलं. काकानं हात जोडले. आई रडली. म्हातारा ढिम्म. जित्याची खोड, काका वैतागून म्हणाला, आणि डोळे पुसायला वळला.

आत्या वळणावर थांबली होती. तिनं मागं पाहिलं. मग ती जड अंगानं, पोट घासत, सगळी चढण परत चढून आली. कुणाकडेही न बघता ती आजोबांपाशी गेली आणि त्यांच्या शेजारी बसली.

तिला कुणी कोपऱ्यांत उभं राहून विचारलं नव्हतं, पण याचा अर्थ घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. कौल मिळाला. आजोबांचं खरं. तिनं डोकं पुढच्या पायांवर ठेवलं आणि डोळे मिटले, आता इथंच म्हटल्यासारखे. काडीनं तोंडावर हात दाबला. कौलापुढं बोलायची या घरात सोय नव्हती.

आजोबा आत्याकडे बघत राहिले. त्यांची हनुवटी हलायला लागली.

"वेडी की काय तू," ते म्हणाले. "माझ्यासाठी दगड होशील होय?"

आत्यानं डोळे उघडले नाहीत.

"बरं. कौल मला दिलास ना? मग आता माझं खरं." त्यांनी तिच्या पंखाचं टोक धरलं आणि गुडघ्यावर जोर देऊन उठले. "ऊठ, आत्या. आपण खाली जातोय."

आत्या उठली. आजोबांनी पंखाचं टोक सोडलं नाही. पडू नये म्हणून पोरगं बोट धरतं तसं ते टोक घट्ट मुठीत धरून ते उतरणीला लागले, आणि काडी त्यांची काठी घेऊन मागून चालू लागली.